सहावी ते आठवीची मुलं वाचती कशी करावीत, आणि त्यात गाव कसं आणावं?

तुम्ही लिहिलंय की यंदा तुमच्याकडे सहावी ते आठवीची मराठी आली आहे. मुलं धड्याबाहेरचं एक पान वाचत नाहीत, आणि पालक दाखल्यापुरते नाहीतर शिष्यवृत्तीच्या कागदापुरतेच शाळेत येतात. अशा ठिकाणी वर्गातलं वाचन आणि गावाबरोबरचे उपक्रम नेमके कसे चालवायचे, असा तुमचा प्रश्न आहे. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर बारा वर्षं हेच तीन वर्ग शिकवते. जे स्वतः करून पाहिलं तेवढंच सांगते.

या वयाच्या मुलाला वाचायला लावायचं तर आधी त्याला ऐकणारं माणूस शोधून द्यावं लागतं. पहिली-दुसरीत मूल अक्षरं जुळवायला लागतं तेव्हा आई, आजी, बाई, सगळे कान देऊन ऐकतात. सहावीत गेल्यावर त्याचं वाचन तपासलं जातं. चुकला की थांबवायचं, बरोबर आलं की पुढच्याला उठवायचं. आपण वाचतोय ते कोणाला तरी हवंय, पुढे काय झालं हे कोणीतरी विचारणार आहे, असं त्याला वाटायला जागाच उरत नाही. म्हणून कोणताही उपक्रम सुरू करताना मी आधी ऐकणारा शोधते, पुस्तक नंतर.

पण त्याच्याही आधी कोण कुठे आहे ते बघून घ्या. पहिले दोन आठवडे उपक्रम काढूच नका. व्हरांड्यात एकेकाला शेजारी बसवा आणि चार पायऱ्यांनी वाचून घ्या: अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, आणि मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. देशभर मुलांचं वाचन तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत हीच रीत असते, आणि एका मुलाला पाच-सात मिनिटंच लागतात. सातवीत दुसरीची गोष्ट कशाला, असं मलाही वाटलं होतं. माझ्या वर्गात एक मुलगा होता. कोणताही धडा काढा, ओळीवरून बोट फिरवत घडाघडा वाचायचा. एकदा मधल्या सुट्टीत भिंतीकडेला सोयाबीनच्या बियाण्याची रिकामी पिशवी पडली होती. ती उचलून मी त्याला सहज विचारलं, यावर काय लिहिलंय बघ रे. त्याने बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग हळूच म्हणाला, "हे पाठ न्हाई मला." सगळे धडे त्याने मोठ्या बहिणीकडून ऐकून पाठ केले होते. सहा वर्षं तो हे ओझं घेऊन शाळेत येत होता आणि आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. अशी पाच-सहा मुलं तुमच्याही वर्गात निघतील. त्यांची नावं तक्त्यावर लावू नका, तुमच्या वहीतच राहू द्या.

वर्गातल्या वाचनाची रीत मी गावातूनच उचलली. आमच्याकडे श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना अक्षर येत नाही, पण कथा कुठवर आली हे प्रत्येकाला ठाऊक असतं. एखादा दिवस चुकला तर माणूस शेजाऱ्याला विचारून घेतो. गावातली बरीच मुलं लहानपणापासून त्या सतरंजीवर बसलेली होती. मग मी वर्गातही तसंच केलं. खिचडी खाऊन झाली की पुढच्या तासिकेची पहिली वीस मिनिटं आमची पोथी लागते. बाकं भिंतीला, सगळे सतरंजीवर गोल. एक वाचक, एक सांगणारा. वाचक अर्धं पान वाचून थांबतो. सांगणारा तेच आपल्या बोलीत सांगतो, 'मंग त्यो म्हणला, म्या काय येत न्हाई' असं. तांड्यावरची मुलं आधी बंजारा बोलीत सांगतात, मग मराठीत. ही बोली मी दुरुस्त करत नाही. पुस्तकातलं वाक्य घरच्या बोलण्यात वळवता आलं की ते समजलं, याहून पक्की परीक्षा मला अजून सापडलेली नाही. ऐकणाऱ्यांनी कुठेही "म्हंजे काय?" म्हणून अडवायचं, त्याला पूर्ण मुभा.

वाचकाला त्याचं पान आदल्या दिवशी घरी द्या. अचानक उभं करून वाचायला लावलं की अडखळणारं मूल त्या दिवसापासून पुस्तकाचा धसका घेतं. घरी चार वेळा वाचून आलेलं तेच मूल वर्गात मोकळ्या आवाजात वाचतं. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना आधी सांगणारा करा. पिशवीवाला मुलगा आमचा सगळ्यात चांगला सांगणारा ठरला. सहा वर्षं तो ऐकण्यावरच जगला होता, एकही तपशील सुटायचा नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस जवळ येऊन म्हणाला, "बाई, उद्याचं पान मला द्या. बारकं द्या." एवढं मात्र स्पष्ट सांगते, पोथीने अक्षरं येत नाहीत. त्याच्यासारख्यांना मी परिपाठाच्या आधी रोज पंधरा मिनिटं वेगळी बसवून, काना-मात्रेपासून शिकवत होते. पोथीने त्याला त्या पंधरा मिनिटांसाठी लवकर यावंसं वाटलं.

काय वाचायचं? तात्पर्याच्या गोष्टी बाजूला ठेवा. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना साप, भूत, पोलीस, खेळाडू, अवकाश, खऱ्या माणसांची खरी फजिती, असलं हवं असतं. बालभारती १९७१ पासून 'किशोर' मासिक काढते, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात आणि आमच्या पोथीचा मोठा भाग तिथूनच येतो. कच्च्या वाचकांसाठी 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीविव्हर' हे संकेतस्थळ बघा. मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत आणि मोफत छापून घेता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकंही खिशाला परवडतात. नवखं पुस्तक मी आधी एकटी बसून मोठ्याने वाचून बघते. तोंडात अडकणारं वाक्य मुलाच्याही तोंडात अडकतं.

आता कपाट. बहुतेक शाळांत पुस्तकं असतात, पण कुलपात. एक पुस्तक हरवलं तर साठा नोंदवहीत काय दाखवायचं, या भीतीने आपणच ती किल्ली सोडत नाही. मी आधी ज्या शाळेत होते तिथे दोन कपाटं भरून पुस्तकं होती, त्यातल्या कित्येकांची पानं एकमेकांना चिकटलेली होती, कारण ती कधी उघडलीच नव्हती. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं असं आहे, आणि त्यात वर्तमानपत्र, मासिकं, गोष्टींची पुस्तकं हवीत हेही लिहिलेलं आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असतात. मी समितीपुढे सरळ विषय ठेवला: पुस्तकं घरी जाणार, काही फाटतील, काही हरवतील, त्याला तुमची संमती आहे का? एक आई म्हणाली, "वह्या फाटत्यात तशी पुस्तकं फाटतील, त्यात काय एवढं?" ठराव झाला, सह्या झाल्या, आणि त्या दिवसापासून कपाटाला कुलूप नाही. देवघेवीची वही आठवीच्या दोन मुली सांभाळतात. तुम्ही हा ठराव सगळ्यात आधी करून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

दोन-तीन गोष्टी मी सोडून दिल्या. वाचलेल्या पुस्तकाचा तक्ता भरून घेणं (लेखक, प्रकाशक, आवडलेलं पात्र, मिळालेला बोध) सोडलं. कोणी किती पुस्तकं वाचली याची भिंतीवरची स्पर्धाही सोडली, कारण तिच्यात मुलं सगळ्यात बारीक पुस्तकं शोधायला लागतात. आणि १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन करतो, तेव्हा सगळ्या शाळेला ओळीत बसवून फोटो काढणं सोडलं. त्या दिवशी आम्ही मुलांना घरोघर पाठवतो. ज्या घरात अक्षर येणारं कोणी नाही, तिथे दोघांनी जाऊन अर्धा तास वाचून दाखवायचं. औषधाच्या पट्टीवरची तारीख, बचत गटाचं पासबुक, बँकेची नोटीस, जे घरात असेल ते आधी, आणि मग एक गोष्ट.

इथूनच गाव आत येतं. गावाला 'शाळेत या' म्हणण्यापेक्षा मुलांचं वाचन गावाच्या कामाला लावलं की गाव आपणहून वळून बघतं. आमच्या पारावर एक जुना फळा होता. सातवीची दोन मुलं रोज सकाळी पेपरमधून त्यावर चार ओळी उतरवतात: बाजार समितीतला कापूस-सोयाबीनचा भाव, राशन कधी येणार, एखादी सरकारी योजना आणि तिची शेवटची तारीख. सुरुवातीला कोणी बघायचं नाही. मग एकदा एका मुलीने ४३५० च्या जागी ४५३० लिहिलं. दुसऱ्या दिवशी एक शेतकरी शाळेत आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते वर्गाच्या दारात उभे राहिले आणि त्या मुलीला म्हणाले, "लेकरा, आम्ही हे वाचूनच टेम्पो ठरवतो." एवढंच बोलून गेले. ती मुलगी रडली नाही. तिने त्या दिवसापासून नियम केला की एकाने लिहायचं, दुसऱ्याने पेपर धरून पडताळायचं. आकड्याकडे, शब्दाकडे इतकं बारीक बघायला मी तिला वर्षभरात शिकवू शकले नव्हते.

आठवीसोबतचा माझा आवडता उपक्रम बहात्तरच्या दुष्काळाचा. 'जुन्या आठवणी विचारून या' असं सांगितलं की मुलं दोन ओळी लिहून आणतात. म्हणून आम्ही प्रश्न एकच ठेवला: १९७२ साली तुम्ही काय खाल्लं? आजी-आजोबांची तोंडं उघडली ती मिटेनात. लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडताना उडालेली कपची, पाझर तलावाची माती. एका मुलाला कळलं की तो उन्हाळ्यात ज्या तलावात पोहतो त्याच्या भिंतीवर त्याच्या आजीने माती वाहिली होती. मग प्रश्न वाढले. हे काम सरकारने का काढलं, मजुरी किती, पुढे काय झालं? रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रात १९७७ साली झाला, हे मी सांगायच्या आधी मुलांनी शोधून वाचलं, कारण त्यांना ते हवं होतं. सगळं मिळून हस्तलिखित तयार झालं. सप्ताहात हरिपाठाच्या आधी अर्धा तास भजनी मंडळाकडून मागून घेतला आणि मुलांनी ते वाचलं. एक मुलगी वाचत होती, 'डोक्यावर घमेलं घेऊन'. समोरून एक म्हातारी ओरडली, "घमेलं कुठलं गं, पाटी होती पाटी!" मुलगी थांबली, दप्तरातून पेन काढलं, 'घमेलं' खोडून वर 'पाटी' लिहिलं, आणि वाक्य पहिल्यापासून वाचलं. मंडपात कोणी हसलं नाही. म्हातारी पुढे सरकून बसली.

जागा निवडताना मात्र विचार करा. पार आणि देऊळ सगळ्यांना सारखंच आपलं वाटतं असं नाही. आमच्याकडे आया-बहिणी पारावर येऊन बसत नाहीत, आणि तांड्यावरच्या, वस्तीवरच्या लोकांना तिथे परकं वाटायचं. सातारा जिल्ह्यात भिलारला २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात. तेवढं आपल्याला जमणार नाही, पण ओसरीवर एक पत्र्याची पेटी ठेवता येते. आमच्या चार पेट्या आहेत, त्यातली एक तांड्यावर आणि एक वस्तीवर. ज्या घरी पेटी, त्या घरच्या मुलीकडे किल्ली. संध्याकाळी बाया शेंगा फोडत बसतात आणि ती वाचते. कोणाला सभेचं आमंत्रण द्यावं लागत नाही.

शेवटची गोष्ट आमच्या भागापुरती आहे, पण तुमच्याकडेही कोणी कामासाठी बाहेर राहत असेल तर उपयोगी पडेल. दसरा-दिवाळी झाली की आमच्या गावातले निम्मे आईबाप ऊसतोडीला जातात, कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात, आणि थेट मार्च-एप्रिलला परततात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणून दोघंही जातात. काही मुलं सोबत जातात, बाकीची आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. वर्ग अर्धा होतो आणि उरलेल्यांचं मन थाऱ्यावर नसतं. तीन वर्षांपूर्वी पोथीत एका हरवलेल्या बैलाची गोष्ट चालली होती. सहावीतला एक मुलगा वाचक होता. त्याने विचारलं, हे माझ्या आईला ऐकवता येईल का? मी माझ्या फोनवर त्याचं अर्धं पान रेकॉर्ड करून त्याच्या वडिलांच्या नंबरावर पाठवलं. दोन दिवस काही नाही. फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात, कोपी नावाच्या झोपडीत राहायचं, पहाटे उठायचं, रात्री गाडी भरायची, फोनला चार्जिंग कुठलं. तिसऱ्या दिवशी आईचा आवाज आला. मागे वारा होता, कोणीतरी खोकत होतं. ती म्हणाली, "आयकलं रं राजा. समद्या कोपीनं आयकलं. पर बैल घावला का न्हाई, त्ये सांगितलंच न्हाईस की."

मुलाने तो निरोप चार वेळा लावायला सांगितला. त्याच संध्याकाळी तो पुढचं पान मागायला माझ्या घरी आला.

तेव्हापासून दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही फडावर पानं पाठवतो. ज्या मुलाचा आवाज, त्याच्याच आईवडिलांच्या फोनवर, कोणत्याही गटात नाही. मुलांचे आवाज आणि फोटो इकडे-तिकडे फिरवू नका, उपक्रमाचा अहवाल कितीही चांगला दिसला तरी. जी मुलं सोबत जातात त्यांना मी कापडी पिशवीत चार पुस्तकं देते आणि नोंदवहीत 'फडावर' असं लिहिते. त्यांच्याकडून सुरुवातीला काही परत यावं अशी माझी अपेक्षा नव्हती. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये एका मुलीने तीन पुस्तकं परत आणली. चौथं शेजारच्या टोळीतल्या पोरीला दिलं म्हणाली, तिचं वाचून व्हायचं होतं. एका पुस्तकाचं मुखपृष्ठ गेलं होतं, कडांना उसाच्या रसाचे चिकट डाग होते, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने सात नावं लिहिलेली होती. त्यातलं एकही आमच्या शाळेतलं नव्हतं.

तुम्ही आठवड्याला वीस-वीस मिनिटांच्या तीन पोथ्यांपासून सुरुवात करा. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा, वेळापत्रकात लिहून घ्या, म्हणजे दुसऱ्या कामासाठी तो वेळ कोणी काढून घेणार नाही. पैसा म्हणाल तर सतरंजी शाळेतच असते, पेट्या गावात मागितल्या की मिळतात. पहिलं पान तुम्ही वाचा, आणि सांगणारा म्हणून त्या मुलाला बसवा जो धडा पाठ म्हणतो.